डब्यातल्या चार पट्ट्या

बाइंडरकाकांच्या घराखालून भुयारी रेल्वेचा बोगदा चालला होता आणि ताईच्या उशाकडच्या भिंतीला तडा गेला होता. काकांच्या या थोरल्या बहिणीला अंथरुणातून उठता येत नव्हतं. भिंत कोसळली तर पहिली तिच्याच अंगावर.

कंत्राटदाराच्या माणसांनी तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवली होती. भिंत हलली की काच तडकणार, म्हणजे धोका कळणार. काच चार वेळा तडकली. चारही वेळा माणसं आली, नवी पट्टी लावून गेली आणि वहीत लिहून गेली, ‘पट्टी शाबूत.’

“अहो, पण ती तुटली होती,” काका एकदा चाचरत म्हणाले.

“आता आहे ना धड? मग झालं तर!”

काकांना वाटलं, ते शिकलेले इंजिनियर, आपण पुस्तकं शिवणारे. आपल्यालाच नीट दिसत नसेल.

“पुस्तकं शिवता शिवता तोंडही शिवून घेतलंस की काय रे?” ताई करवादली.

मग स्वतंत्र तपासणी समितीच्या बाई आल्या. त्या ना कंत्राटदाराच्या, ना रेल्वेच्या. वहीत सगळं आलबेल होतं, तरी दोन जिने चढून आल्या. काकांनी चहा विचारला.

“नको काका. तपासणीला गेलं की पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, असा नियमच आहे आमचा.”

त्यांनी पट्टीच्या कडेला नख लावलं. “हा चिकटा अजून ओला आहे. वहीत तर पट्टी सहा महिन्यांची. आधीची कुठे गेली?”

काकांचे कान लाल झाले. त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा डबा ओढला. आत चार तुटक्या पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर, पुस्तकाच्या पाठीवर लावतात तशी, चिठ्ठी: तारीख आणि फटीची रुंदी.

“उगाच आपली सवय म्हणून...”

बाईंनी फरशीवर बसून चारही पट्ट्या ओळीने मांडल्या. दर वेळी फट वाढलेली.

“काका, हे उगाच नाही,” म्हणत त्यांनी तिथूनच फोन लावला.

दुपारपर्यंत खालचं खोदकाम थांबलं. दोघं धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. दीड महिना जमिनीत सिमेंट भरून माती घट्ट केली, भिंतीला आधार दिला, मगच बोगदा पुढे सरकला. पाचव्या पट्टीला तीन महिन्यांत ओरखडाही नव्हता.

ती बघायला बाई शेवटच्या आल्या, तेव्हा काकांच्या खिशात लिहून काढलेलं आभाराचं भाषण होतं. ते खिशातच राहिलं.

“दोन दिवस घोकतोय गं हा!” ताई म्हणाली. “अरे, ते राहू दे. तिच्या नियमात बसतं ते तरी दे!”

काकांनी कपाटातला ठेवणीतला पेला काढला, दोनदा विसळला आणि पाणी आणलं. बाई ते सावकाश प्यायल्या, भिंतीकडे बघितलं आणि पेला पुढे केला.

“काका, आणखी एक मिळेल?”

काकांनी पेला इतका काठोकाठ भरला, की दारापासून खुर्चीपर्यंत थेंब सांडत गेले.