उतू जाणारं दूध

खिडकी, दार, पुन्हा खिडकी. एर्नाचा पाय एका जागी ठरत नव्हता. वसुधाबाई कर्णिकांनी मुलुंडच्या घरातली ही खोली तिला महिन्याच्या बोलीवर दिली होती. पुढे ठेवायचं की नाही, ते त्या आज सांगणार होत्या.

ती एकदा बूट घालून स्वयंपाकघरात शिरली होती. ते त्यांनी पोटात घातलं. मग पाण्याचा गडू तोंडाला लावून प्यायली. वसुधाबाई गडू चिंचेनं घासत बसल्या. घासतच राहिल्या. आता आणखी चूक नको. खोली गेली तर कारखान्यातली नोकरी कुठं राहून करायची, आणि परत व्हिएन्नाला...

व्हिएन्ना नको.

खिडकी. अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या पेटलेल्या, वर मातीचं बोळकं. त्यातलं दूध फुगत वर येतंय. वसुधाबाई आणि त्यांची लेक मृणालिनी, दोघी समोर उभ्या. बघताहेत. हलत नाहीत.

महायुद्ध संपून दहा वर्षं झाली होती. लढाईत एर्नाच्या आईनं बाटलीभर दुधासाठी लग्नाची अंगठी दिली होती.

ती धावली. अनवाणी, तेवढं भान होतं. फ्रॉकच्या घोळात धरून बोळकं उचललं. दूध खाली बसलं. थेंब सांडला नाही.

"वाचलं," ती धापा टाकत म्हणाली.

मृणालिनीनं तोंडावर हात धरला. "अगं, आज रथसप्तमी. ते सूर्यासाठी उतू घालवायचं असतं."

"सांडायचं? मुद्दाम?"

"मुद्दामच. उतू गेलं की वर्षभर घरात काही कमी पडत नाही, म्हणतात."

एर्नाला वाटलं, संपलं. बॅग कुठे आहे. कपडे वाळत आहेत, ते आधी...

"बोटं भाजली का बघ गं तिची," वसुधाबाई म्हणाल्या. मग एर्नाला, "ठेव परत. तूच ठेव."

तिनं ठेवलं. उकिडवी बसली. दूध पुन्हा वर यायला लागलं तसा तिचा हात आपोआप पुढे झाला. वसुधाबाईंनी मनगट घट्ट धरलं.

"धीर नाहीच का गं तुला?"

काठ. काठाच्या वर. एर्नानं डोळे मिटले. चर्र झालं, करपल्या दुधाचा वास आला.

"उगवतीकडे सांडलं. झकास," मृणालिनी म्हणाली.

"पुढच्या वर्षी आधी हिची खिडकी लावून घेणार बाई मी," वसुधाबाई म्हणाल्या आणि मनगट सोडलं.

पुढच्या वर्षी. एर्ना तिथंच बसून राहिली.