ऋतुराजची साक्ष

आमच्या इमारतीत एक रीत आहे. बाहुला बोलत असताना त्याच्या शेजारी बसलेल्या घरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बाहुल्याकडे बघायचं. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या कोपर गावात नव्यानं राहायला आलेल्या माणसालाही आठ दिवसांत कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याच्या घरी कोणी चहाला जात नाही.

मी काळुराम, सुतार. शाळा चौथीपर्यंत. पण इमारतीतल्या बावीस बाहुल्यांपैकी एकोणीस माझ्या हातचे आहेत. पांगाऱ्याचं लाकूड, सुती दोरा, दोऱ्याला मेण आणि माझी गाठ. ती गाठ दुसऱ्या कोणाला येत नाही. मी शिकवलेली नाही.

बाहुले घरात माणसांसारखेच राहतात. ताटासमोर बसतात, लग्नाला जातात, मीटिंगला येतात. पहिल्या मजल्यावरच्या नीला वहिनी नवऱ्यापुढे कधी मान वर करत नाहीत, पण त्यांची बाहुली उत्तरा भारी तोंडाळ. भरल्या घरात ती त्या नवऱ्याला ‘म्हशा’ म्हणते, आणि नीला वहिनी शेजारी बसून खाली बघत म्हणतात, “अगं उत्तरा, असं बोलू नये.” सगळे हसतात. नवराही हसतो. माझ्या घरी मात्र बाहुला नाही. माझ्या बायकोला, मालनीला, नको होता. ती म्हणते, “एक लाकडाचा आहे घरात, तेवढा पुरे.”

कुंडलिक दुसऱ्या मजल्यावर राहायचा. तो आणि ऋतुराज, दोघंच. पांढऱ्या मिशांच्या, टकल्या बाहुल्याला असलं नाव कोण ठेवतं? पण कुंडलिकला हौस. तीन महिन्यांपूर्वी तो ऋतुराजला घोडबंदर रोडच्या कुठल्याशा मोठ्या दुकानात घेऊन गेला, आणि माझे दोरे काढून नायलॉनचे घालून आणले. जिन्यात, चार माणसांसमोर, मला त्याचे हात हलवून दाखवले.

“बघ काळुराम, आता झिजायचं नाव नाही.”

मी वाट काढून खाली उतरलो. तेव्हापासून त्याच्याशी बोललोच नाही.

गेल्या रविवारी दुपारी कुंडलिक खुर्चीत मेलेला सापडला. गळ्याभोवती दोऱ्याएवढी बारीक लाल रेघ होती. दार नुसतं ओढून घेतलेलं. समोरच्या खुर्चीत ऋतुराज, हात मांडीवर ठेवून बसलेला. पोलीस आले, त्यांनी पंचनाम्यात ऋतुराजला सामानात धरलं, कपाटानंतर आणि मिक्सरच्या आधी. कुंडलिकच्या पुतण्याला, महेंद्रला, दोनदा बोलावून सोडून दिलं. तो त्या वेळी विठ्ठलवाडीला लग्नात पंगत वाढत होता, शंभर लोकांनी बघितलेला.

महेंद्रनं बुधवार संध्याकाळची मीटिंग बोलवायला लावली. त्याचं म्हणणं एकच, घरात दुसरं कोणी नव्हतं, बाहुल्यानंच मारलं, तर बाहुल्याला बंबात घाला. मंगळवारपर्यंत निम्मी इमारत त्याच्या बाजूनं झाली होती. माझ्या हातचं काम, बावीस वर्षांपूर्वीचं, पाणी तापवायला जाणार होतं. ते मी होऊ देणार नव्हतो.

सेक्रेटरी मेघना हिच्याकडून किल्ली घेऊन मी बुधवारी सकाळीच वर गेलो. ऋतुराजला उजेडात आणून तपासलं. डाव्या हाताला नायलॉन होतं, दोन्ही पायांना नायलॉन होतं. उजव्या हाताला नव्हतं. तिथं सुती दोरा होता, कोरा, मेण अजून बोटाला चिकटत होतं. आणि खाली गाठ. मी ती गाठ बराच वेळ बघत राहिलो. ती माझीच होती. तीन महिने मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. रविवारी दुपारी जेवून मी झोपलो होतो, नेहमीसारखा. झोपलोच होतो.

कोणाला काही सांगितलं नाही. गाठीवर बाही ओढली आणि त्याला खाली घेऊन आलो.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं मागे, बाहुले पुढे, कारण त्यांना मागून दिसत नाही.

“याला हात लावून बघा,” मी म्हणालो. “पाची बोटं एका लाकडात कोरलीत. मूठ वळत नाही. ज्याची मूठ वळत नाही तो गळा कसा आवळेल?”

“मग जेवतो कसा?” महेंद्र म्हणाला.

“जेवत नाही. ताटासमोर बसतो. तुझ्या लग्नातही नुसताच बसलेला.”

लोक हसले. उत्तरा म्हणाली, “आमच्या म्हशापेक्षा बरा की, बसून चरत नाही.” त्यावर आणखी हसले. मेघनानं विचारलं, बंबात घालायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. एकट्या महेंद्रचा हात वर झाला. मी जिंकलो होतो. तिथंच उठून गेलो असतो तर बरं झालं असतं.

“ठीक आहे, त्यानं नाही मारलं,” महेंद्र म्हणाला. “पण बघितलं तर असेल ना? मग विचारा त्याला.”

बोलायला शेजारी घरचं माणूस लागतं. महेंद्र रक्ताचा, पण तो खुर्ची घेऊन मागे सरकला. “मी नाही बसणार हां याच्या बाजूला.”

“काका, तुम्ही घडवलंय त्याला,” मेघना म्हणाली. “तुम्ही बसा.”

मी बसलो. जन्मात पहिल्यांदा बाहुल्याशेजारी बसलो. मेघनानं विचारलं, “ऋतुराजकाका, रविवारी कोण आलेलं?”

कुंडलिकच्या शेजारी त्याचा आवाज बारीक, चिरका यायचा. आता आला तो जाड होता, तुटक.

“काळुराम. दोरा बदलायला.”

मी समोर बघितलं. सगळे ऋतुराजकडे बघत होते, रीतीप्रमाणे, अगदी पोरंसुद्धा. मला वाटलं, एकानं तरी माझ्या तोंडाकडे बघावं. एकानं तरी सांगावं की काका, तुमचे ओठ हलले, किंवा नाही हलले. मी महेंद्रकडे बघितलं, नीला वहिनींकडे बघितलं. कोणी रीत मोडली नाही.

मेघनानं वही मिटली. “बाहुल्याचं बोलणं पोलिसात चालत नाही,” ती ऋतुराजकडे बघतच म्हणाली. “ज्याच्या शेजारी बोलला त्याच्या घरी तो राहील.” मग खुर्च्या उचलायला सांगितल्या.

मी त्याला घरी आणलं. मालनीनं मीटिंग गॅलरीतून ऐकली होती.

“रविवारी दुपारी मी कुठं होतो?” मी विचारलं.

“मी देवळात गेलेली. मला काय माहीत?”

तेव्हा मी ठरवलं, याचा निकाल आजच लावायचा. ऋतुराजला खुर्चीत बसवलं, शेजारी मी बसलो, तांब्यातलं पाणी तोंडात भरून घेतलं. मालनीला समोर बसवलं आणि बोटानं दाखवलं, माझ्या तोंडाकडे बघ, याच्याकडे नको. तोंडात पाणी असताना माणूस बोलू शकत नाही. तो बोलला, तर तो आपल्या मनानं बोलतो. गप्प राहिला, तर मघाशी बोललो मी. पाणी भरून घेतल्यावर मला सुचलं की दोन्हीकडून मीच सापडतो. पण आता थुंकणं बरं दिसलं नसतं.

मालनी ऋतुराजकडेच बघत होती. चाळीस वर्षांत तिनं माझं कधी ऐकलेलं नाही.

बाहेर रिक्षा थांबली, गेली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. मग मालनीनं हळूहळू मान हलवली, समोरचा माणूस सांगत असताना हलवावी तशी, एकदा, दोनदा. तिनं पदर तोंडाला लावला.

“कळलं,” ती त्याला म्हणाली. उठली, चप्पल घातली, आणि बाहेर जाऊन दाराला कडी लावली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पाणी अजून तोंडातच होतं.