भिंतीवरची थाळी

मनकर्णाने टाचा उंचावून भिंतीवर हात फिरवला. थाळी नव्हती. थाळीखालचा सपाट दगड तेवढा जागेवर होता आणि त्यावर चिंचेचा पाला साचला होता.

तिने हात झटकला आणि दुसऱ्या हातातली पुडी पदराखाली घेतली. पुडीत सुकट होती, अकोल्याच्या बाजारातून खास आणलेली. ती अमरावतीला आली होती भाचीच्या, शकुनच्या लग्नाला. मांडवातून निघताना 'बांगड्या भरून येतो' म्हणाली होती. जुन्या चाळीतली मांजर पाहायला जाते म्हटलं असतं, तर लग्नघराने तिला वरात निघेपर्यंत हसून घेतलं असतं.

"भुरे," तिने हळूच हाक मारली. "भुरे वं."

कोणी आलं नाही. भिंतीपलीकडे उत्तमराव माळ्याच्या बागेत पाट वाहत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

भुरी तशी कोणाचीच नव्हती. चपराशांच्या चाळीत अशी बेवारशी मांजरं पुष्कळ यायची. मनकर्णा सगळ्यांपुढेच काही ना काही टाकायची. पण बाकीची खायची आणि चालू पडायची. भुरी खाऊन झाल्यावर भिंतीवर बसून राहायची, मनकर्णाची भांडी घासून होईपर्यंत. एवढ्यावरच मनकर्णाचा तिच्यावर जीव जडला. तिच्यासाठी काठ चेपलेली एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी वेगळी काढली. त्यात ताकात कुस्करलेली भाकर आणि बाजाराच्या दिवशी सुकटीची डोकी. तिचा नवरा देवमन कचेरीतून आला की म्हणायचा, "मले कोरड्यास नाई अन् मांजरीले मेजवानी!" आणि आपल्या ताटातला तुकडा हळूच थाळीत टाकायचा.

भिंतीपलीकडच्या पार्बताबाईचं आणि मनकर्णाचं बोलणं बंद होतं. पूर्वी ते चांगलं होतं. चाळीतल्या हातपंपाला उन्हाळ्यात पाणी नसे, तेव्हा मनकर्णा घागर घेऊन बागेत जायची. घागर दगडावर ठेवून चार पावलं मागे सरायची; पार्बताबाई विहिरीतून पोहरा शेंदून वरून पाणी घालायची. वरून घालता घालता जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायची. जाताना मेथीची जुडी मनकर्णाच्या पदरात टाकायची, तीही वरूनच. बाई मायाळू होती, पण रीत म्हणजे रीत.

मग छप्पन साली देवमन आणि मनकर्णा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्या उन्हाळ्यात मनकर्णा विहिरीवर गेली, ती घागर कडेवर घेऊनच उभी राहिली.

"पार्बताबाई, मी आता वरून पानी घेनार नाई."

"मंग कसं घेशीन?"

"माह्या हातानं शेंदीन."

वांग्याच्या वाफ्यात उत्तमराव होते. ते खाकरले. पार्बताबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या दोराकडे, आणि दोर गुंडाळून ठेवला. मनकर्णा रिकामी घागर घेऊन परत आली. त्या दिवसापासून ती लांबच्या नळावरून पाणी आणू लागली, आणि दोघींमधला शब्द आटला.

पण दोन बायकांच्या मध्ये एवढीशी भिंत, गप्प तरी किती दिवस राहणार? तोंड उघडायला भुरी मिळाली. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे लेकीच्या जागी मांजर होती.

"भुरे, सांग तुह्या मायले," पलीकडून आवाज यायचा, "मेथीचा वाफा उकरून ठेवला मेलीनं. पुन्हा दिसली तं तंगडं मोडीन."

"भुरे," इकडून उत्तर जायचं, "त्यायले म्हनाव, वाफ्याले कुंपन घाला. मांजरीले वाचता येते का कोनाची मेथी ते?"

भुरी मध्ये बसून अंग चाटायची. असाच पार्बताबाईच्या मुलाचा साखरपुडा मनकर्णाला कळला. असाच देवमनचा हिवताप पलीकडे समजला, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर थाळीशेजारी दोन लिंबं आढळली. भुरीला काही लिंबं लागत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात देवमनची अकोल्याला बदली झाली. भुरीला पोत्यात घालून न्यावं असं मनकर्णाच्या मनात होतं. देवमन म्हणाला, "कुत्रं मानसाचं, मांजर घराचं. तिथून पळून येईन अन् रेल्वेखाली मरीन." ते तिला पटलं आणि तिची झोप उडाली. पलीकडे सांगावं तर सांगायचं कसं? निघायच्या सकाळी तिने थाळी काठोकाठ भरून भिंतीवर ठेवली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"भुरे, मी जाऊन रायली. आता तुह्या पोटाचं कोनं पाहावं वं?"

पलीकडे पार्बताबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. जुड्यांची सळसळ थांबली. मनकर्णा वाट पाहत उभी राहिली. तिकडे टांगेवाला ओरडत होता.

अकोल्यात भाकर कुस्करताना तिला दर वेळी ती थांबलेली सळसळ आठवायची. भुरी जगली की उपाशी मेली, एवढंच तिला कळायला हवं होतं. निदान स्वतःला तरी ती एवढंच सांगत होती.

ती चाळीला वळसा घालून बागेच्या फाटकाशी गेली. फाटक उघडंच होतं. विहिरीच्या कठड्यावर घासलेली भांडी उन्हाला पालथी घातली होती. पितळी परात, तांब्या, वाट्या, आणि त्यांच्या मधोमध काठ चेपलेली जर्मनची थाळी. राखेने घासून लखलखीत केलेली. मनकर्णाच्या हातून ती कधी इतकी स्वच्छ झाली नव्हती.

पार्बताबाई पालकाची टोपली घेऊन आली आणि मनकर्णाला पाहून थबकली. मग सवयीने दोघींचीही नजर खाली गेली, पायाशी मांजर शोधत.

"भुरी नाई," पार्बताबाई बोलली. कोणाला म्हणून नाही, टोपलीकडे पाहून. "दिवाळीच्या आंधी गेली. म्हातारी झालती. तिथं शेवंतीत पुरली."

मनकर्णाने शेवंतीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. लग्नघरातून नटून आलेली बाई एका मांजरीसाठी लोकांच्या बागेत रडते, याची तिला लाजही वाटेना.

"खात होती का?"

"खात होती. पन नखरे किती! आमच्या वाटीत तोंड घालेना. तुह्यी थाळी आनली तवा खाल्लं. मंग तिले दूध नको, पोळी नको." पार्बताबाईने गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "शेवटी बाजारात गेलो मी. नाकाले पदर लावून सुकटवालीपाशी उभी रायलो. गळ्यात माळ अन् हातात सुकट! आमचे मालक दोन दिवस बोलले नाईत माह्याशी."

मनकर्णा रडता रडता हसली. पदराखालची पुडी तिने आणखी आत लपवली.

इतकी वर्षं जे बोलायचं ते भुरीला सांगायचं, आणि आता भुरी शेवंतीत होती. पार्बताबाई टोपलीतली पानं उगीच निवडत राहिली. मनकर्णा जायला वळली.

"मनकर्णा."

हाक सरळ तिलाच होती. ती थांबली.

"उन्हाची आलीस. पानी?"

कठड्यावरचा तांब्या मनकर्णाला दिसत होता. तिने एकच शब्द विचारला.

"कसं?"

पार्बताबाईने टोपली खाली ठेवली. चाकाच्या खांबाला गुंडाळलेला दोर सोडवला, पोहऱ्यासकट आणून मनकर्णाच्या हातात दिला आणि बोटांना बोटं लागली तरी हात मागे घेतला नाही. वाफ्यात उत्तमराव खाकरले. या वेळी पार्बताबाईने तिकडे पाहिलं नाही.

मनकर्णाने पोहरा सोडला. चाक करकरलं. खोल खाली पाणी वाजलं आणि ती हातामागून हात टाकत शेंदू लागली. भरलेला पोहरा तिने कठड्यावर टेकवला, तेव्हा पार्बताबाई तिच्यासमोर वाकून उभी होती. दोन्ही हातांची ओंजळ तिने तोंडाशी धरली होती.

"आंधी मले घाल," ती म्हणाली. "वरून."