साखरपुड्याचं घर

कार्डिफबाहेरचं हे दीडशे एकरांतलं घर अलकानेच पसंत केलं होतं. लेकीचा, वरदाचा साखरपुडा थाटात व्हायला हवा होता ना! पांढरे खांब, रुंद व्हरांडा, छतावर प्लास्टरमध्ये कोरलेली उसाची पानं. "मालकांचे जमैकात मळे होते," असं मॅनेजर साराने तेव्हाच सांगितलं होतं. अलकाने ते ऐकलं आणि मेन्यूकडे वळली.

मुहूर्ताला अर्धा तास असताना वॉशरूम शोधत ती मागच्या बोळात शिरली. भिंतीवर मालकांच्या जमैकातल्या घराचा नकाशा होता, शेजारी माहिती लिहिलेली. हे घर त्याचीच नक्कल. तिथला व्हरांडा असा बांधलेला, की मालकाला खुर्चीतून उसाचा चरक आणि त्यावर राबणारे गुलाम दिसावेत. खाली काचेत एक कुऱ्हाड. चरकात कुणाचा हात अडकला तर तो तोडायला ती जवळच ठेवत, म्हणजे चरक थांबवावा लागू नये.

सर्जन म्हणून अलकाने तीस वर्षं चिरडलेले हातच शिवले होते. त्या घराची किळस आलीच, पण मेन्यू चाळणाऱ्या स्वतःची जास्त आली.

हॉलमध्ये विहीणबाई चांदीच्या ताटात पुडा घेऊन उभ्या होत्या. अलकाने सगळं सांगितलं.

"अहो, जुन्या गोष्टी त्या," मनीषाताई म्हणाल्या. "फोटोत थोडीच येणारे कुऱ्हाड? उलट साखरेच्याच घरात साखरपुडा, किती क्यूट!"

अलकाला त्यांच्या हसण्याचाही वीट आला. आता इथे नको म्हटलं आणि लग्न मोडलं तर? मोडो. वरदानेही सगळं ऐकलं होतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"अर्धं माहीत होतं. उरलेलं विचारलं नाही मी."

वरदाने निऱ्या उचलल्या. "अनुप, आय ॲम नॉट डूइंग इट हिअर. कार पार्कमध्ये चल."

नवरा मुलगा तिच्यामागे निघाला. साठ पाहुणे, गुरुजी, समया, सगळी वरात गाड्यांच्या मधे येऊन थांबली. वाऱ्याने समई काही पेटेना. मनीषाताई सर्वांत शेवटी, तोंड वाकडं करून आल्या आणि त्यांनी पुडा वरदाच्या ओंजळीत ठेवला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अलका मात्र त्या ओंजळीकडे बघत बोटं मोजत होती. दहा भरली, तरी तिने पुन्हा मोजली.