आमिषाचं झाड

कीड आली की नानांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थंडी सरताना एक चांगलं, धडधाकट पाइनचं झाड पाडायचं आणि तसंच उतारावर पडू द्यायचं. त्याच्या वासावर भुंगेरे धावत येतात, सालीखाली अंडी घालतात. मग दुसऱ्या पौर्णिमेला साल सोलून आतल्या अळ्यांसकट जाळायची. आधी सोललं तर निम्मे भुंगेरे मोकळेच राहतात, उशीर झाला तर आपणच त्यांचं पाळणाघर चालवल्यासारखं होतं. एका झाडाच्या जिवावर सगळं जंगल वाचतं. नानांनी तरुणपणी ते असंच वाचवलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

आता जंगलाची मुकादमकी नानांच्या लेकीकडे होती. गुडघे गेल्यापासून नाना खिडकीशी खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत.

एका वर्षी पुन्हा कीड आली, आणि थंडी नुसती तोंड दाखवून गेली. आमिषाचं झाड पाडलं, पहिली पौर्णिमा झाली, आणि लेकीनं सालीचा तुकडा उचकटून पाहिला. अळ्या टम्म झाल्या होत्या, काही तर कोषात गेल्या होत्या. ती तडक घरी आली.

“नाना, उद्याच सोलू या. ऊन फार आहे, किडे घाईत आहेत.”

“किडे नाही, तू घाईत आहेस. दुसरी पौर्णिमा येऊ दे.”

तिला पटलं नव्हतं, तरी तिनं ऐकलं. चुकलंच तर नानांचं चुकेल, आपलं नाही, असा एक चोरटा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याची तिला पुढे फार लाज वाटली.

दुसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी माणसं सोलायला बसली. बोट लावताच साल सुटली. तिच्यावर बारीक बारीक भोकं होती आणि आत नुसता भुसा. भुंगेरे केव्हाच उडून गेले होते.

“वरातीमागून घोडं,” एक म्हातारा गडी म्हणाला आणि त्यानं कोयता खाली ठेवला.

उन्हाळा संपेपर्यंत झाडं वाळून सगळा उतार तांबडा पडला. पुढचा हिवाळा कडक असता तर कीड गारठून मेली असती, पण तोही कोमटच गेला.

तोडणीच्या दिवशी नाना हट्टानं उतारावर आले. माणसं सवयीनं त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

“माझ्याकडे काय बघता? तिला विचारा,” नाना करड्या आवाजात म्हणाले. आणि काठी टेकत ते बाजूला सरले.

“सगळी तोडा,” लेक म्हणाली. तिला रडू फुटत होतं. नानांनी उभा जन्म राखलेलं जंगल तिच्या दोन शब्दांनी आडवं होणार होतं.

नंतर नवी रोपं आली. त्यांत पाइन एकही नव्हतं. खालच्या, उष्ण मुलखातली रुंद पानांची झाडं होती, पाचसहा जातींची. नानांनी एक रोप उचललं, पानं उलटीसुलटी केली.

“याला कोणती कीड लागते?”

“माहीत नाही, नाना.”

“थंडी सोसतं?”

“तेही ठाऊक नाही. थंडी किती उरणार, हेच कुणाला सांगता येत नाही.”

आता काहीतरी खोचक ऐकावं लागणार, म्हणून ती तयारीतच होती. पण नाना तिच्या खांद्याचा आधार घेत कण्हत खाली बसले. त्यांनी रोप खड्ड्यात सरळ धरलं.

“पाइन कळलं असं वाटायला माझा जन्म गेला,” ते म्हणाले. “माती लोट लवकर. तुला हे सगळं पहिल्यापासून शिकायचंय.”