यादृच्छिक

जैवनीतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी पाच आणि विभागप्रमुख एक. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘स्वायत्तता सर’. रुग्णाची स्वायत्तता म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. प्रत्यक्ष रुग्ण त्यांनी पंधरा वर्षांत पाहिला तो फक्त पडद्यावरच्या चित्रात. रुग्णालयाच्या नीतिसमितीचे अध्यक्षही तेच. समितीचं चिंतन बिस्किटं संपेपर्यंत चाले.

वर्गात सगळ्यात मोठी सिस्टर. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. ड्यूटी सांभाळून दोन वर्षं शिकली, प्रबंध लिहिला. आता राहिली होती सरांची सही, आणि प्रबंध जमा करायचा तो शेवटचा दिवस होता.

तिने काय केलं होतं, ऐका. वॉर्डात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. संमतीपत्रावर सह्या केलेल्या चाळीस जणांपाशी बसून तिने विचारलं, “कशावर सही केलीत?” संमतीपत्रात वाक्य होतं, ‘आपला गट यादृच्छिक पद्धतीने ठरेल.’ म्हणजे निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी, आणि कोणाच्या वाट्याला काय ते देवाला ठाऊक. पण एकोणतीस जण म्हणाले, “यादृच्छिक म्हणजे आपल्या इच्छेप्रमाणे.” शब्दात इच्छा ऐकू आली, त्यात त्या जिवांचं काय चुकलं? एक आजोबा तर खुशीत होते. “मी खऱ्या औषधाचा गट मागून घेतलाय, सिस्टर. खिडकीजवळची खाट मागितली तसा.”

सरांनी प्रबंध चाळला आणि एकतिसाव्या पानावर बोट ठेवलं.

“हे काढा. ‘रुग्णांचे आकलन समाधानकारक’ असं लिहा.”

“पण सर, त्यांना समजलंच नाही.”

“ते संमतीपत्र मी लिहिलंय, बाई. समितीने एकमताने मंजूर केलंय.”

“समितीतल्या कुणी वाचलं होतं?”

सर हसले. अडाण्याची कीव करताना हसतात तसे. तेवढ्यात सफाईवाल्या मावशी कप उचलायला आल्या. सिस्टरने त्यांनाच थांबवलं.

“सर, यादृच्छिक म्हणजे काय, एवढं मावशींना समजावून सांगा ना.”

सरांनी घसा साफ केला. “त्याचं असं आहे, समान संभाव्यतेच्या तत्त्वानुसार, पूर्वग्रहविरहित असं जे वितरण...”

मावशी कप हातात धरून शांतपणे ऐकत होत्या. “म्हणजे चिठ्ठ्या टाकणार?”

“अं... ढोबळमानाने, हो.”

“मग चिठ्ठ्या टाकणार म्हणा की! उगा जिभेला कशाला पीळ?” मावशी कप घेऊन गेल्या.

पंधरा वर्षांची विद्वत्ता मावशींनी एका दमात झाडून काढली. सर लालबुंद झाले आणि बोलून बसले, “इतकं सोपं लिहिलं तर सही कोण करेल?”

सिस्टरने पिशवीतून कोरा कागद काढला, सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि सरांपुढे सरकवला.

“हे काय?”

“तुमचं आत्ताचं वाक्य प्रबंधात घालायचंय, सर. बोलणाऱ्याची संमती लागते, तुम्हीच शिकवलंत. नीट वाचा, समजलं नाही तर विचारा, मग सही करा.”

सरांनी तो कागद तीनदा वाचला. चष्मा पुसून परत एकदा. एवढ्या मन लावून त्यांनी आयुष्यात संमतीपत्र वाचलं नसेल.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“नका करू. तुमची स्वायत्तता आहे.”

“मग मीही प्रबंधावर सही करत नाही. पुढच्या वर्षी या, सुधारून.”

“बरं,” सिस्टर म्हणाली. वर्ष गेलं होतं, आणि ते काही थोडं नव्हे. पण एकतिसावं पान होतं तसंच ठेवून तिने प्रबंध पिशवीत घातला, जिना उतरून वॉर्डात गेली, आणि पहिल्या खाटेशी स्टूल ओढून म्हणाली, “काका, चिठ्ठ्या टाकतात माहितीये ना? तसंच आहे हे. आता सांगा, राहायचंय का यात?”