नव्या धानाचे पोहे

अर्ज मीच लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, नाई तर उद्या कोणी म्हणन लटारूनं लपवलं. पहिली सही बी माहीच. टीममधून नाव गेलं की होस्टेलची खोली जाते, अन् खोली गेली की चैतूसारखा पोट्टा बस धरून गावी वापस. कॉलेज संपलं त्याचं. हे मले पक्कं माहीत होतं. तरी लिहिला. काऊन लिहिला ते आयका.

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या गेटासमोर माही पोह्याची टपरी हाये. मी स्वतः याच कॉलेजकडून बास्केटबॉल खेळलो, तवा ग्राउंड मुरमाचं होतं अन् पडलं की गुडघा सोलून निघे. आता सिमेंटचं कोर्ट झालं, काचेचे बोर्ड लागले. अन् टीम? छी! मागच्या साली चांगले खेळणारे सारे पोट्टे पास होऊन गेले. यंदा जे आले ते सारे फर्स्ट इयरचे, मिशी न फुटलेले. अरे, यायले बुटाची लेस बांधता येत नाई बे! बॉल हातात आला की असे दचकतेत, जसा कोणी जिता खेकडा दिला. एकानं इकडं पास दिला तर दुसरा तिकडं पाहून राह्यला. हरले तरी फोटो काढतेत, हसून हसून. आमच्या टायमाले हरलो तर दोन दिवस घरात तोंड दाखवत नव्हतो.

आमी पाच-पन्नास लोक हाओत कोर्टाच्या कडेले दरवेळी बसणारे. त्यात दादाजी मुख्य. दादाजी म्हणजे रिटायर पोस्टमास्तर, घरून खुर्ची घेऊन येते अन् पूर्ण मॅचभर एकच काम करते, दात चावत बसते. "लटारू, हे टीम नोहे, हे अंगणवाडी होय," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

अन् त्या अंगणवाडीत एकच उंट. चैतू.

एटापल्लीच्या पल्याडचा, जंगलातल्या गावचा पोट्टा. सहा फूट दोन इंच. बारावीपर्यंत बास्केटबॉल पाह्यला बी नव्हता. कुलदीप सरनं, म्हणजे आमच्या कोचनं, त्याले ॲडमिशनच्या लायनीत पाह्यलं अन् तिथूनच हात धरून कोर्टावर आणलं. बोलणं कमी. पण उडी मारे तर बाप्पा! रिंगच्या वर पंजा जाये. मी मैनाले म्हणलं, मैना म्हणजे माही बायको, "पाय, या पोट्ट्याच्या भरवशावर यंदा लीग आपली." मैना म्हणाली, "तुमी दरसाली हेच म्हणता."

आता एक गोष्ट मधात सांगावी लागते. भादव्यात एक दिवस मैनाच्या माहेरून काकड्या आल्या, वेलावरच्या, पहिल्या तोडणीच्या. प्रॅक्टिस झाल्यावर मी पोट्ट्याइले चिरून दिल्या, मीठ लावून. सारे तुटून पडले. चैतूनं हात मागं घेतला. म्हणाला, "भाऊ, आमचं पंडुम नाई झालं अजून."

"काय बे पंडुम?"

"गावची पूजा असते. ते झाल्याशिवाय नवं नाई खात."

मी हासलो. चार लोक बसले होते, त्याइच्या पुढं मले लय अक्कल सुचली. म्हणलं, "तुहा देव का काकड्या मोजत बसते का बे? जंगलातले नियम जंगलात ठेव." सारे हासले. दादाजी बी हासले. चैतू बी जरासा हासला, अन् मंग उठून नळावर पाणी प्याले गेला. त्या दिवसापासून त्याचं नावच पडलं, पंडुम. कोर्टावर बॉल त्याच्याकडं गेला की आमी सारे वरडाचो, "मार बे पंडुम!" लाडानं वरडाचो, असं मले वाटे.

दसऱ्यानंतर लीग सुरू झाली. पाच कॉलेजं, आमच्या चार मॅच, साऱ्या आमच्याच कोर्टावर. मॅचच्या दिवशी सकाळी सारी टीम माह्या टपरीवर खाते, हा माहा नेम हाये. दुसरीकडं कुठीच खाऊ देत नाई मी. पहिल्या मॅचले पोह्यावर चण्याची तर्री टाकली, वरून कांदा. चैतूनं तीन प्लेटा हाणल्या अन् कोर्टावर एकट्यानं बावीस पॉइंट काढले. जिंकलो! दादाजीनं खुर्ची उलटी केली आनंदात. मी दुपारभर फुकट चहा पाजला लोकाइले.

मंग दुसऱ्या मॅचच्या आधी माह्या साळ्याकडचं हलकं, लवकर पिकणारं धान निघालं. त्यानं त्याचे पोहे कांडून आणले, एक पोतं. नव्या धानाचे पोहे ज्यानं खाल्ले नाई त्याले का सांगू! भिजवाची बी गरज नाई, नुसते धुतले तरी मऊ, अन् वास असा की रस्त्यावरचा माणूस थांबन. मी छाती फुगवून पोट्ट्याइपुढं प्लेटा ठेवल्या. "खा बे! नव्या धानाचे हायेत. नागपुरात पैसे देऊन बी मिळणार नाई."

चैतूनं प्लेट हातात घेतली. थोड्या वेळानं पाह्यलं तर त्याची प्लेट पवनपुढं होती. पवन म्हणजे आमचा सावली गावचा बुटका गार्ड, खादाड नंबर एक. चैतू काळा चहा पिऊन राह्यला होता. मी मनात म्हणलं, पाह्यले का नखरे! एक मॅच जिंकली अन् साहेब झाला.

त्या दिवशी हाफ टाइमपर्यंत आमी बारा पॉइंटनं पुढं होतो. शेवटच्या क्वार्टरले चैतू गुडघ्यावर हात ठेवून उभा. बॉल त्याच्या डोक्यावरून जाऊन राह्यला अन् हा उभा! उडी नाई, धावणं नाई. बाकीचे पोट्टे तर त्याच्याकडं पाहूनच खेळत, ते बी ढेपाळले. हरलो. तिसऱ्या मॅचले तेच. सकाळी पोहे पवनच्या पोटात, दुपारी चैतू मेल्यासारखा. दोन हात वर करून उभा राहाचं काम होतं, ते बी होईना. तिसऱ्या क्वार्टरले तर बॉल त्याच्या हातातून निसटून त्याच्याच पायावर पडला.

"हा गांजा-बिंजा तं नाई घेत?" दादाजी म्हणाले.

"माजला हाये," मी म्हणलं. मले त्याची अशी किळस आली होती की त्याच्याकडं पाहून थुंकावं वाटे. खरं सांगतो. आपण ज्याच्यावर जीव लावला तो असा निघाला की दुसऱ्या कोणाचा येत नाई तेवढा राग येते.

त्याच संध्याकाळी टपरीच्या बाकावर बसून मी अर्ज लिहिला. मा. प्राचार्य साहेब, चैतू हा खेळाडू शेवटच्या क्वार्टरमध्ये मुद्दाम खेळत नाही, त्याला टीममधून काढून होतकरू खेळाडूस संधी द्यावी. शुद्ध भाषेत लिहिला, दादाजीनं दोन काने-मात्रे दुरुस्त केले. मैना कढई घासून राह्यली होती. म्हणाली, "आधी त्याले इचारा तं, का होते म्हणून." मी म्हणलं, "तू पोहे पाय." सह्या घेत फिरलो. एकसष्ट झाल्या. पण दिला नाई, खिशात ठेवला. म्हणलं, एक चान्स देऊ.

चौथी मॅच. शेवटचे चार सेकंद, आमी एका पॉइंटनं मागं. चैतूवर फाऊल झाला, दोन फ्री थ्रो. दोन टाकले तर जिंकलो, अन् फायनल. चैतू लायनीवर उभा राह्यला. पहिला बॉल रिंगपर्यंत गेलाच नाई. दुसरा बी नाई. दोन हात अलीकडंच पडला, जसा लेकरानं फेकला. अन् शिट्टी वाजल्यावर तो तिथंच सिमेंटवर बसला, डोकं गुडघ्यात घालून.

मी उभा झालो अन् साऱ्या कोर्टाले आयकू जाईन असा वरडलो, "पंडुम, गावी जा बे! मोहफुलं वेच! हे तुहं काम नाई!"

लोक टाळ्या वाजवून हासले. चैतूनं वर पाह्यलं. मले वाटलं तो शिवी देईन. नाई दिली. मी तसाच ऑफिसात गेलो अन् अर्ज देऊन आलो.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. चैतूचं नाव टीममधून कमी, खोली दुसऱ्या खेळाडूले. चैतू मॅचच्याच संध्याकाळी गावी गेला होता, त्यानं नोटीस पाह्यली नव्हती. त्याच्या गावात टॉवर नाई, फोन लागत नाई. त्या दुपारी करिश्मा टपरीवर आली. बी.ए.ले हाये, चैतूच्याच भागातली. चहा मांगतला अन् मले म्हणाली, "भाऊ, तो तीन मॅच उपाशी खेळला."

"उपाशी? माह्या टपरीवर बसून?"

"तुमचे पोहे नव्या धानाचे होते ना. गावची पूजा झाल्याबिगर आमी नवं धान तोंडात नाई घालत. अन् त्याचा तं बापच गावचा पुजारी. घरच्या पोरानंच मोडलं तं गाव काय म्हणन? बापाले ताप होता, म्हणून यंदा पूजा लांबली. मेसमधी बी नवाच तांदूळ आला होता. पंधरा दिवस बिस्किटं अन् केळी खाऊन राह्यला तो."

मी म्हणलं, "मंग सांगतलं काऊन नाई? तोंड नव्हतं का त्याले? मी जुने पोहे दिले असते!"

करिश्मानं कप खाली ठेवला. "सांगतलं होतं ना. काकडीच्या वेळी. तुमी त्याचं नाव ठेवलं."

ती निघून गेली. मैना तर्रीत पळी फिरवत होती, ते थांबली. म्हणाली, "तुमाले तोंड हाये, कान नाई."

अठ्ठावीस साल झाले मी पोट्ट्याइले खाऊ घालतो, अन् कोणत्या पोट्ट्यानं किती खाल्लं हे मले दिसलं नाई. दिसलं होतं! प्लेट पवनपुढं जातानी मी या डोळ्यानं पाह्यली होती. पाहून मनात शिव्या दिल्या. माही मलेच अशी शिसारी आली की त्या दिवशी मी पोह्याले हात लावला नाई.

प्राचार्य साहेबाकडं धावत गेलो. सारं सांगतलं. ते म्हणाले, "लटारूभाऊ, परवा तुम्हीच म्हणालात काढा, आज तुम्हीच म्हणता ठेवा. एकसष्ट लोकांच्या सह्या आहेत. तुम्ही तेवढ्याच सह्या आणा, मग बघू." कुलदीप सर बाजूले उभे होते, खाली पाहून. म्हणाले, "नवीन पोराचं नाव वर युनिव्हर्सिटीत गेलं, भाऊ. आता ह्या साली तरी होत नाई."

तरी निघालो सह्या घ्याले. त्याच लोकाइच्या दारात. चार भेटल्या. त्यात एक मैनाची, एक करिश्माची. बाकीचे म्हणत, जाऊ द्या ना भाऊ, हरला तं हरला. दादाजीनं चष्मा काढून पुसला अन् म्हणाले, "हे पाय लटारू, मी खेळ पाहाले येतो. पूजा पाहाले नाई." मी म्हणलं, "आपण खेळ बी नाई पाह्यला दादाजी. आपण नुसते वरडलो." ते तवापासून टपरीवर येत नाई. नाई आले तं नाई. थू!

आज सकाळी गडचिरोलीची बस आली अन् चैतू उतरला. पाठीवर बॅग, हातात पानाचा पुडा. होस्टेलकडं गेला नाई, सरळ टपरीवर आला. चेहरा कसा उजळला होता, गाल भरले होते चार दिवसात. पुडा माह्या हातात दिला. आत नवे तांदूळ होते.

"बाबानं देले, भाऊ. म्हणाला, जे तुले जेवाले बसवतेत त्याइले पहिले देशील."

मी तो पुडा दोन्ही हातानं धरला.

"पंडुम झालं आमचं," तो म्हणाला, अन् पहिल्यांदा माह्यापुढं मोकळा हासला. "आता द्या तुमचे पोहे. पवन लय तारीफ करते."

मैनानं प्लेट भरली, वर तर्री, वर कांदा. तो बाकावर बसून खाऊन राह्यला. दुसरी घेतली. तिसरी मांगतली. समोर गेटाच्या आत, पन्नास पावलावर, बोर्डावर ती नोटीस लागली होती, वारा आला की एक कोपरा उडे.

"भाऊ," घास तोंडात ठेवूनच तो म्हणाला, "सोमवारी प्रॅक्टिस किती वाजता हाये? यावेळी पाहा तुमी. चौथ्या क्वार्टरले बी उडी मारतो."

मैनानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, "आधी खाऊन घे, चैतू."

पंडुम नाई म्हणलं. चैतू म्हणलं. त्याच्या ते ध्यानात बी आलं नाई, तो खात होता.